तळाच्या दोन ओळी : डॉ. होमी भाभा यांची जीवनकथा

प्रयोगशाळेच्या भिंतीवर टांगलेली मूलद्रव्यांची आवर्तसारणी आपण सर्वांनी पाहिली आहे. तिच्या मध्यभागी लोखंड, तांबे, मँगॅनीज, निकेल, चांदी, सोने अशा ओळखीच्या धातूंचा मोठा मेळावा भरलेला असतो. आणि अगदी तळाशी, मुख्य तक्त्यापासून चार बोटे अंतर राखून, दोन आडव्या ओळी वेगळ्या काढलेल्या असतात. मांडवात जागा उरली नाही म्हणजे मागून आलेल्या पाहुण्यांची पाने ओटीवर मांडावीत, तशा त्या दिसतात. प्रस्तुत लेखक कलाशाखेचा. विज्ञानाशी त्याचा संबंध दहावीपर्यंतचाच. परंतु नववीतील एका विद्यार्थ्याने या दोन ओळींना पंक्तीबाहेर का बसविले आहे असा प्रश्न केला, आणि त्याचे उत्तर शोधता शोधता एका थोर पुरुषाचे चरित्र हाती लागले. तेच येथे सांगावयाचे आहे.

प्रथम मधल्या मेळाव्याची ओळख करून घेणे बरे. या धातूंना संक्रामक मूलद्रव्ये म्हणतात. अणूच्या केंद्राभोवती इलेक्ट्रॉनांची कवचे असतात हे आपण शिकतोच. एका मूलद्रव्याकडून पुढच्या मूलद्रव्याकडे जाताना वाढलेला इलेक्ट्रॉन सर्वसाधारणपणे सर्वांत बाहेरच्या कवचात जाऊन बसतो. संक्रामक धातूंत मात्र तो बाहेरची जागा सोडून एक पायरी आत, दुसऱ्या कवचात उतरतो. ह्या आतल्या इलेक्ट्रॉनांचे बंधन फारसे घट्ट नसते. त्यामुळे हे धातू प्रसंग पाहून कधी कमी, कधी अधिक इलेक्ट्रॉन खर्च करतात. लोखंडाने दोन इलेक्ट्रॉन दिले की हिराकशीचा फिका हिरवा रंग दिसतो. तीन दिले की गंजाचा तांबडा. डिचोलीचे डोंगर, शिरगावची माती, आणि पावसाळ्यात वाळवंटी नदीला येणारे कुंकवासारखे पाणी यांचा रंग लोखंडाच्या या तिसऱ्या इलेक्ट्रॉनाचाच आहे. मँगॅनीज तर दोनापासून सातापर्यंत मजल मारते. साथीच्या दिवसांत विहिरीत टाकावयाच्या जांभळ्या औषधात त्याने सातही इलेक्ट्रॉन खर्ची घातलेले असतात. काठिण्य, उच्च द्रवणांक, विजेचे वहन, रंगीत क्षार, आणि स्वतः न झिजता दुसऱ्यांच्या रासायनिक क्रियांना वेग देण्याची हातोटी, असे या घराण्याचे गुण आहेत.

तळाच्या दोन ओळींत नवा इलेक्ट्रॉन आणखी एक पायरी खाली उतरतो, म्हणजे बाहेरून तिसऱ्या कवचात. बाहेरची दोन्ही कवचे जवळजवळ तशीच राहतात. रासायनिक व्यवहार हा बहुतांशी बाहेरच्या कवचांचा खेळ. त्यामुळे विशेषतः वरच्या ओळीतील मूलद्रव्ये जुळ्या भावंडांसारखी एकमेकांसारखी वागतात आणि एकमेकांपासून वेगळी काढणे महाकठीण होते. त्यांना आंतरसंक्रामक मूलद्रव्ये म्हणतात. पहिली ओळ लँथनाइडांची, तिच्यात सिरियम, निओडिमियम इत्यादी; दुसरी ॲक्टिनाइडांची, तिच्यात ९० क्रमांकाचे थोरियम, ९२ क्रमांकाचे युरेनियम आणि ९४ क्रमांकाचे प्लुटोनियम. या दुसऱ्या ओळीवर ज्याने आपले उर्वरित आयुष्य आणि आपल्या देशाचे पुष्कळसे भवितव्य पणास लावले, तो पुरुष म्हणजे होमी जहांगीर भाभा.

होमी यांचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९ रोजी मुंबईत एका सुविद्य पारशी कुटुंबात झाला. योगायोग असा की त्याच वर्षी, तेथून शेकडो कोस दक्षिणेस, त्रावणकोरच्या किनाऱ्यावर एक शोध लागला. त्रावणकोरहून युरोपात जाणाऱ्या काथ्याला चिकटून थोडी जड, पिवळसर वाळू जात असे. शॉमबर्ग नावाच्या एका जर्मन रसायनज्ञाने ती तपासली, तेव्हा तीत मोनाझाइट हे खनिज निघाले. मोनाझाइटमध्ये तळाच्या दोन्ही ओळींचा संसार एकत्र नांदतो: वरच्या ओळीतील सिरियम, लँथनम, निओडिमियम आणि खालच्या ओळीतील थोरियम. त्या काळी थोरियमचा उपयोग एकच, तो गॅसबत्तीच्या जाळीचा. थोरियम व सिरियम यांच्या क्षारांत भिजविलेली सुताची पिशवी पहिल्याच ज्वाळेत जळून जाते आणि मागे या धातूंच्या ऑक्साइडांचा ठिसूळ सांगाडा उरतो. त्यात शंभरांतले नव्याण्णव भाग थोरियमचे आणि एक भाग सिरियमचा. थोरियमचे ऑक्साइड ३,३०० अंश सेल्सिअसच्या सुमारास वितळते, म्हणून ज्वाळेत ते टिकून राहते. आणि त्या एका भाग सिरियममुळे लख्ख पांढरा उजेड पडतो. पेडण्यात काल्याच्या रात्री देवळासमोर गॅसबत्त्या टांगून दशावतार उभा राही, तेव्हा आमच्या आजोबांच्या पिढीने संकासुराला पाहिले ते याच दोन धातूंच्या उजेडात. या उजेडाचे आणि मुंबईत जन्मलेल्या त्या बालकाचे पुढे काही नाते जुळेल, हे १९०९ साली कोणाच्या स्वप्नातही आले नसेल.

होमींचे वडील जहांगीर भाभा हे विलायतेत शिकलेले कायदेपंडित. आजोबा म्हैसूर संस्थानात शिक्षणखात्याचे प्रमुख होते. आत्या मेहेरबाई ह्या सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी. घरात ग्रंथ विपुल, पाश्चात्त्य संगीताच्या तबकड्या विपुल, आणि चित्रकलेचे शिक्षणही चालू. कॅथीड्रल शाळा, एल्फिन्स्टन महाविद्यालय आणि विज्ञान संस्था या क्रमाने मुंबईतले शिक्षण आटोपून १९२७ साली हा मुलगा केंब्रिजला गेला तो यंत्र-अभियांत्रिकी शिकण्यासाठी. वडीलधाऱ्यांचा बेत पक्का होता. जमशेदपूरला टाटांचा पोलादाचा कारखाना धडाक्याने चालू होता. मुलाने अभियंता होऊन यावे आणि तेथे मानाच्या जागेवर बसावे. म्हणजे मधल्या मेळाव्यातील लोखंड हेच त्याचे नशीब म्हणून ठरविले गेले होते.

परंतु केंब्रिजमध्ये त्या वेळी पदार्थविज्ञानाची दिवाळी चालू होती. कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत रदरफर्ड अणूच्या अंतरंगात शिरले होते, डिरॅक गणिताच्या बळावर नवे कण भाकीत करीत होते. १९२८ साली होमी यांनी वडिलांना पत्र लिहिले. अभियंत्याच्या नोकरीत आपले मन रमणार नाही, पदार्थविज्ञान हाच आपला मार्ग, असे त्यांनी त्यात निःसंदिग्धपणे कळविले. अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाने घरची चालून आलेली लक्ष्मी नाकारावी, हे कोणत्याही बापाला सोपे जाणारे नाही. जहांगीरजींनी संताप केला नाही, आणि लगेच मानही तुकविली नाही. त्यांनी अट घातली: आधी अभियांत्रिकीची परीक्षा प्रथम वर्गात उत्तीर्ण व्हावे, मग पुढच्या शिक्षणाचा खर्च आपण करू. १९३० साली मुलाने अट पुरी केली, बापाने शब्द पाळला, आणि १९३२ साली होमींनी गणिताची ट्रायपॉस परीक्षाही प्रथम वर्गात जिंकली. पालकवर्गापैकी जे हे वाचीत असतील, त्यांनी या व्यवहाराकडे जरा लक्ष द्यावे. या एका ठिकाणी मला पुत्रापेक्षा पिता अधिक मोठा वाटतो.

पुढची सात वर्षे युरोपच्या विद्यापीठांतून गेली. झुरिकला पाउली, रोमला फर्मी, कोपनहेगनला नील्स बोर अशा गुरूंच्या सहवासात भाभा वावरले. इलेक्ट्रॉन व पॉझिट्रॉन यांची टक्कर होते तेव्हा काय घडते याचे गणित त्यांनी १९३५ च्या सुमारास मांडले. ती क्रिया आजही त्यांच्या नावाने ओळखली जाते. आकाशातून येणाऱ्या विश्वकिरणांचा एकच कण वातावरणात शिरून कणांचा पाऊस कसा पाडतो, हे त्यांनी १९३७ साली हाइटलर यांच्या सहकार्याने उलगडून दाखविले. हे गणित माझ्या आवाक्याबाहेरचे आहे, म्हणून त्याविषयी अधिक लिहिण्याचे धाडस करीत नाही.

एक गोष्ट मात्र आवर्जून सांगण्यासारखी आहे. भाभा केंब्रिजला शिकत होते तेव्हाच्या आवर्तसारणीत तळाची दुसरी ओळ नव्हतीच! थोरियम त्या काळी हाफ्नियमच्या खाली आणि युरेनियम टंगस्टनच्या खाली, म्हणजे मधल्या मेळाव्यात बसविलेले असे. १९३८ च्या अखेरीस जर्मनीत हान आणि स्ट्रासमन यांनी युरेनियमचा अणू न्यूट्रॉनाच्या आघाताने दुभंगतो हे दाखविले. नंतरच्या दोन-अडीच वर्षांत अमेरिकेत नेपच्युनियम व प्लुटोनियम ही नवी मूलद्रव्ये तयार झाली. त्यांचे वर्तन पाहून सीबोर्ग या रसायनज्ञाने १९४४ च्या सुमारास असा विचार मांडला की, थोरियम, युरेनियम इत्यादींची मुळात जागाच चुकली आहे; हे लँथनाइडांसारखेच एक निराळे घराणे आहे. असे हे तक्ते आपणांस वाटतात तितके सनातन नसतात. जे विद्यार्थी ते पाठ करताना कंटाळतात त्यांना, ते बदलणारी माणसे आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळात जिवंत होती, हे कळले तर बरे.

१९३९ साली भाभा सुटीसाठी मायदेशी आले आणि युरोपात महायुद्धाचा वणवा पेटला. परतीची वाट बंद झाली. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांच्या हाताखाली ते प्रपाठक झाले. १९४१ साली, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, त्यांना रॉयल सोसायटीचे सदस्यत्व लाभले. सक्तीने घडलेल्या या मुक्कामात त्यांना आपला देश नव्याने दिसला. युद्ध संपताच केंब्रिजला परतावे असा आरंभीचा बेत हळूहळू मावळला. १२ मार्च १९४४ रोजी त्यांनी टाटा विश्वस्तांना पत्र लिहून मूलभूत संशोधनाची एक संस्था उभारण्याची विनंती केली. अणुशक्तीचा उपयोग वीज निर्माण करण्यासाठी होऊ लागेल तेव्हा तज्ज्ञांसाठी भारताला परदेशाकडे तोंड वेंगाडावे लागू नये, असा त्या विनंतीचा आशय होता. हिरोशिमावर बाँब पडला तो त्यानंतर सतरा महिन्यांनी, आणि देश स्वतंत्र झाला तो तीन वर्षांनी. टाटा मूलभूत संशोधन संस्था १९४५ साली बंगळूरला सुरू झाली, आणि त्याच वर्षी १९ डिसेंबरला मुंबईत पेडर रोडवरील केनिलवर्थ या बंगल्यात तिचे उद्घाटन झाले. हाच दिवस पुढे सोळा वर्षांनी आपण गोमंतकीयांनी मुक्तिदिन म्हणून मिळविला, हा आणखी एक योगायोग.

स्वातंत्र्यानंतर १० ऑगस्ट १९४८ रोजी अणुशक्ती आयोग स्थापन झाला व भाभा त्याचे अध्यक्ष झाले. येथून पुढे त्यांच्या चरित्राला तळाच्या दुसऱ्या ओळीने व्यापले. त्यांच्यापुढचा प्रश्न हिशेबाचा होता. भारतात युरेनियम बेताचे. पण त्रावणकोरच्या त्या किनाऱ्यावर थोरियमची जी रास पडली होती, तिच्या तोडीचे साठे जगात फार थोड्या देशांपाशी होते. थोरियमचा दोष असा की ते आपण होऊन पेटत नाही. त्याचा अणू न्यूट्रॉनाच्या आघाताने युरेनियम-२३५ सारखा सहज दुभंगत नाही. मात्र तो न्यूट्रॉन गिळतो. मग दोन पायऱ्यांनी आपले रूप पालटतो, आधी प्रोटॅक्टिनियम आणि नंतर युरेनियम-२३३ होतो. हे युरेनियम-२३३ मात्र उत्तम इंधन आहे. ओल्या लाकडासारखे हे आहे: स्वतः पेट घेणार नाही, पण शेजारी धगधगता विस्तव असेल तर वाळून सरपण होईल.

मग तो पहिला विस्तव आणावयाचा कोठून? १९५४ साली दिल्लीच्या परिषदेत भाभांनी तीन पायऱ्यांची योजना मांडली. पहिल्या पायरीत देशातले नैसर्गिक युरेनियम जाळून वीज करावयाची. त्यातला हजारात सात भागच खरा ज्वालाग्राही, पण उरलेल्या युरेनियम-२३८ पैकी काही भाग भट्टीत न्यूट्रॉन गिळून प्लुटोनियम होतो. दुसऱ्या पायरीत ते प्लुटोनियम अशा भट्ट्यांत जाळावयाचे की जळते त्यापेक्षा अधिक नवे इंधन तयार व्हावे. पुढे या भट्ट्यांभोवती थोरियमचा वेढा घालून युरेनियम-२३३ चा साठा करावयाचा. आणि तिसऱ्या पायरीत त्या साठ्यावर थोरियमच्या भट्ट्या चालवावयाच्या. ही योजना समजून घेण्यास मला तीन संध्याकाळी लागल्या. परंतु समजली तेव्हा दूध, विरजण, लोणी, तूप अशी आपल्या स्वयंपाकघरातील परंपरा डोळ्यांपुढे आली. प्रत्येक पायरीवर पुढच्या पायरीचे बीज.

वाळू मात्र हातची जाऊ देता कामा नये, हे आधीच ठरले होते. १९४६ साली मोनाझाइटच्या निर्यातीवर बंदी आली. १९५० साली इंडियन रेअर अर्थ्स ही कंपनी स्थापन झाली आणि १९५२ साली केरळातील आलुवा येथे तिचा कारखाना चालू झाला. तेथे मोनाझाइटमधून लँथनाइडांचे क्षार निराळे होत, आणि थोरियम पुढच्या शुद्धीकरणासाठी मुंबईजवळ तुर्भ्यास येई. तुर्भ्याचा थोरियम कारखाना १९५५ साली निघाला. १९५१ साली देशात धान्याची टंचाई होती आणि अमेरिकेकडून गहू उसना घ्यावयाचा होता, तेव्हा तेथील काही लोकप्रतिनिधींनी गव्हाच्या बदल्यात मोनाझाइटची मागणी पुढे केली. पंतप्रधान नेहरूंनी ती मानली नाही. गहू आला, वाळू राहिली.

डिचोली महालातील वाचकांना हा प्रसंग निराळ्या रीतीने भिडेल. आमच्या डोंगरांतले लोह-खनिज १९४७ सालापासून बोटींत भरले जाऊ लागले. पुढे कित्येक दशके ते बार्जेसमधून मांडवीच्या पाण्यावरून मुरगावला आणि तेथून जपानसारख्या दूरच्या देशांच्या भट्ट्यांना गेले. घराघरांत त्याने पैसा आणला हे खरे. शेतांत गाळ आणि विहिरींत कोरड आणली हेही खरे. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने खाणी थांबल्या तेव्हा, इतकी वर्षे माती विकून आपण काय शिकलो, हा प्रश्न पुष्कळांना पडला. लोखंड आणि थोरियम यांची बरोबरी करता येणार नाही. एक कोट्यवधी टनांनी लागते, दुसरे टोपल्यांनी. तरीही, खनिज विकण्यापूर्वी ते हाताळण्याची विद्या आपल्या मुलांच्या हाती असली पाहिजे हा भाभांचा आग्रह आठवला, म्हणजे तुर्भे आणि डिचोली यांमधील अंतर नकाशावरील अंतरापेक्षा मोठे वाटू लागते.

तुर्भ्यात ४ ऑगस्ट १९५६ रोजी दुपारी पावणेचारच्या सुमारास आशिया खंडातील, सोव्हिएत प्रदेश वगळता, पहिली अणुभट्टी पेटली. तिचे इंधन इंग्लंडहून आणलेले, पण आराखडा आणि बांधणी भारतीय अभियंत्यांची. पाण्याच्या खोल हौदात बुडविलेल्या या भट्टीतून निळसर प्रकाश फाकत असे. नेहरूंनी तिला अप्सरा असे नाव दिले. तो निळेपणा पाहून हेच नाव सुचावे यात नवल नाही. जानेवारी १९५९ मध्ये भट्टीत वापरण्याइतक्या शुद्ध युरेनियमचा पहिला गोळा तुर्भ्यातच ओतला गेला, आणि १९६० साली कॅनडाच्या साहाय्याने उभारलेली सायरस ही मोठी भट्टी चालू झाली.

शुद्ध म्हणजे किती शुद्ध, याची कल्पना एका धातूच्या गोष्टीवरून येईल. युरेनियमच्या कांड्यांना धातूचे आवरण लागते. ते उष्णतेत टिकले पाहिजे, पाण्यात गंजता कामा नये, आणि न्यूट्रॉन गिळता कामा नये. संक्रामक मेळाव्यातील झिर्कोनियम या कामी नामी. तेही केरळच्या वाळूत आहेच. पण निसर्गात झिर्कोनियम असेल तेथे हाफ्नियम असतेच, आणि हाफ्नियम झिर्कोनियमच्या सुमारे पाचशेपट न्यूट्रॉन गिळते. आवरणात त्याचा अंश राहिला तर विस्तवच मंदावेल. मग वेगळे काढावे तर दोघांचे रासायनिक गुण जवळजवळ सारखे. याचे कारण पुन्हा तळाच्या पहिल्या ओळीत सापडते. लँथनाइडांच्या चौदा घरांत आतल्या कवचात भरलेले चौदा इलेक्ट्रॉन केंद्राचे आकर्षण पुरते अडवू शकत नाहीत, म्हणून अणू क्रमाक्रमाने आक्रसत जातो. आणि त्यांच्यानंतर येणारे ७२ क्रमांकाचे हाफ्नियम, ४० क्रमांकाच्या झिर्कोनियमहून कितीतरी जड असूनही, आकाराने नेमके त्याच्याएवढेच भरते. आकार एक, बाहेरचे इलेक्ट्रॉन एक, मग वागणूकही एक. या सोंगामुळेच हाफ्नियम १९२३ पर्यंत कोणाला सापडले नव्हते. सापडले ते कोपनहेगनमध्ये, जेथे पुढे भाभा बोर यांच्यापाशी राहून आले. तुर्भ्यात ब्रह्मप्रकाश या धातुशास्त्रज्ञाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही जुळी वेगळी करण्याची विद्या हस्तगत केली. भाभांची खरी कमाई अशी माणसे गोळा करण्यात होती, असे मला वाटते. आधी इमारत बांधून मग माणूस शोधण्याऐवजी ते आधी माणूस हेरीत आणि त्याच्याभोवती विभाग वाढू देत.

त्यांच्या रसिकतेविषयी दोन शब्द न लिहिणे अन्यायाचे होईल. ते उत्तम रेखाचित्रे काढीत, संगीताचे मर्मज्ञ होते, आणि कुलाब्याला समुद्रकाठी उभ्या राहिलेल्या संशोधन संस्थेच्या भिंतींसाठी त्यांनी समकालीन भारतीय चित्रकारांची चित्रे निवडून घेतली. बांधकामाच्या आड येणारे मोठे झाड तोडण्याऐवजी ते मुळासकट उचलून दुसरीकडे लावण्याचा त्यांचा हट्ट असे. त्यांनी विवाह केला नाही.

सर्वच गोष्टींत त्यांचा अंदाज खरा ठरला असे मात्र नाही. १९५५ साली जिनिव्हा येथे अणुशक्तीच्या शांततामय उपयोगावरील आंतरराष्ट्रीय परिषदेचे अध्यक्षपद त्यांना मिळाले, तेव्हा वीस वर्षांत मानव हायड्रोजनाच्या एकीकरणातून वीज काढील असे भाकीत त्यांनी केले. ते आजही पुरे झालेले नाही. अणुशक्तीचे सारे संशोधन एका स्वतंत्र संस्थेत एकवटल्यामुळे विद्यापीठे ओस पडतील, असा आक्षेप मेघनाद साहा यांच्यासारख्या तोलाच्या शास्त्रज्ञाने घेतला होता. तो आक्षेप पोकळ होता असे आजची महाविद्यालये पाहून म्हणवत नाही. आणि प्लुटोनियमचा दुहेरी स्वभाव तर सर्वांत कठीण. जे दुसऱ्या पायरीचे इंधन तेच बाँबचे द्रव्य. १९६४ साली तुर्भ्यात प्लुटोनियम वेगळे काढण्याचा कारखाना चालू झाला, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात चीनने अणुबाँबचा स्फोट केला. काही दिवसांतच भाभांनी आकाशवाणीवरून भाषण केले. जगाने निःशस्त्रीकरण करावे असे त्यांनी सांगितले; पण मोठ्या शत्रूला धाक बसविण्यास अण्वस्त्र किती उपयोगी आणि किती स्वस्त पडते याचा हिशेबही त्यांनी मांडला. शांततेच्या परिषदेचा अध्यक्ष आणि हा हिशेबनीस ही एकच व्यक्ती होती, हे चरित्र वाचणाऱ्याने विसरता कामा नये. १९७४ साली पोखरणला जो पहिला स्फोट झाला, त्यातील प्लुटोनियम सायरस भट्टीतूनच निघाले होते. तो पाहण्यास भाभा हयात नव्हते.

२४ जानेवारी १९६६ रोजी एअर इंडियाचे कांचनजंगा हे बोइंग विमान जिनिव्हाला उतरण्याच्या बेतात असताना माँ ब्लाँ या हिमशिखरावर आदळले. विमानातील ११७ माणसांपैकी एकही वाचला नाही. आंतरराष्ट्रीय अणुशक्ती संस्थेच्या बैठकीसाठी व्हिएन्नाला निघालेले भाभा त्यांत होते. त्यांचे वय छप्पन्न होते. त्याच दिवशी दिल्लीत श्रीमती इंदिरा गांधींनी पंतप्रधानपदाची शपथ घेतली. पुढच्या वर्षीच्या जानेवारीत तुर्भ्याच्या केंद्राला त्यांनी भाभांचे नाव दिले.

तारापूरचे वीजकेंद्र, ज्याच्या करारासाठी भाभा झटले होते, ते १९६९ साली वीज देऊ लागले. थोरियमची तिसरी पायरी मात्र अजून दूर आहे. थोरियमवर चालणारे मोठे वीजकेंद्र आजवर उभे राहिलेले नाही. तमिळनाडूतील कल्पाक्कम येथे १९९६ साली कामिनी नावाची एक लहानशी भट्टी पेटली. तिचे इंधन म्हणजे थोरियमपासून घडविलेले युरेनियम-२३३. तिची शक्ती उष्णतेच्या रूपाने अवघी ३० किलोवॉट. ती वीज देत नाही, तिच्या न्यूट्रॉनांच्या साहाय्याने यंत्रांच्या भागांची आतून तपासणी करतात. त्रावणकोरच्या किनाऱ्यावर काथ्याला चिकटलेल्या त्या पिवळ्या वाळूचा हा प्रवास, तो होईपर्यंत, सत्त्याऐंशी वर्षांचा झाला होता. प्रश्न विचारणाऱ्या त्या विद्यार्थ्याला मी तक्त्यातील ९० क्रमांकाचे घर बोटाने दाखविले. त्याने विचारले, गॅसबत्तीची जुनी जाळी कोठे पाहावयास मिळेल का? त्याच्या आजीच्या माळ्यावर ती निघाली. हात लावताच मोडेल म्हणून बत्तीसकटच तो ती शाळेत घेऊन आला.